आधी माझी जागा कापा

सुपरिंटेंडंट साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा टेबलावर बिस्किटांची बशी होती. आमच्या पोलीस स्टेशनात बिस्किटं बाहेर निघायची ती कुणी रिटायर होताना, नाहीतर कुणाला घालवायचं असताना. त्या आठवड्यात रिटायर कुणी होत नव्हतं. मी बसले, पण बिस्किटाला हात लावला नाही.

"स्टेशनच्या मनुष्यबळाकडे जरा नव्यानं बघायला लागणार आहे," साहेब म्हणाले. बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं, पण माझ्या आठवणीत ते मराठीतच बसलंय. "कपात करायचीच आहे, तो आदेश वरून आलाय. कुठे करायची, एवढंच आपल्या हातात आहे."

मी त्या स्टेशनात बिनवर्दीच्या कर्मचाऱ्यांची एचआर मॅनेजर होते. पोलीस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टोपी आणि वर्दी येते, पण इंग्लंडमधलं पोलीस स्टेशन चालतं ते पोलीस नसलेल्या माणसांवरही. काउंटरवर बसणारे, फोन घेणारे, जप्त केलेला माल सांभाळणारे, जबाब टाइप करणारे. त्यांची भरती, त्यांच्या रजा, त्यांची भांडणं, त्यांची बाळंतपणं, सगळं माझ्याकडे यायचं. आता त्यांना काढायचं कामही माझ्याकडेच आलं होतं.

साहेबांपुढे पर्याय होते ते असे: पुढचा काउंटर बंद करायचा, किंवा गल्लीबोळांतून पायी फिरणारे कम्युनिटी ऑफिसर कमी करायचे, किंवा घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांना मदत करणारा डेस्क मुख्यालयात हलवायचा आणि इथली माणसं घरी पाठवायची. मी प्रत्येक जागेला गुण द्यायचे. ज्या जागेला सगळ्यांत कमी गुण पडतील, ती जाणार.

"माणसांना गुण द्यायचे की जागांना?" मी विचारलं.

"जागांना. माणसांचा यात काही संबंध नाही."

साहेब वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकते. शनिवारी संध्याकाळी गाडीत बसवायला त्यांच्याकडे कॉन्स्टेबल पुरत नसत. पबमधली मारामारी एकीकडे, अपघात दुसरीकडे, आणि पाठवायला माणूस नाही. काउंटर वाचवला तर रस्त्यावरचं कुणीतरी कमी होणार, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच ते काम अवघड होतं. समोरचा माणूस दुष्ट असता तर मी तिथल्या तिथे नाही म्हणून मोकळी झाले असते.

आमचं शहर लहान. कॅथेड्रल आहे म्हणून त्याला शहर म्हणायचं, नाहीतर आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. नदी, बाजाराचा चौक, एक कॉलेज आणि माझा नवरा ज्यात भूल देतो ते हॉस्पिटल. आधी आम्ही लंडनच्या कडेला, स्टॅनमोरला होतो. तिथे आजूबाजूला मराठी घरं होती, रविवारी वेम्बलीला जाऊन कोथिंबीर-कढीपत्ता आणायची सोय होती. नवऱ्याला इथे कन्सल्टंटची जागा मिळाली म्हणून आलो आणि इथलेच झालो. मी पोलिसांत नोकरी धरली तेव्हा स्टॅनमोरच्या मैत्रिणींनी भुवया उंचावल्या. "अगं, कौन्सिलमध्ये बघ, शाळेत बघ. पोलिसांत कशाला?" मला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. माझे वडील सोलापूरला हवालदार होते. मी पोलीस लाईनीत वाढले. बुटांना लावायच्या पॉलिशचा वास हा माझ्यासाठी घराचा वास.

तर गुण द्यायचे होते. मुख्यालयानं त्यासाठी एक सल्लागार पाठवला होता. तरुण, नीटनेटका, बोलायला गोड. त्यानं पडद्यावर रंगीत चौकोन दाखवले. काउंटरचा चौकोन लाल होता. "लोक आता ऑनलाइन तक्रार करतात," तो म्हणाला. "काउंटरवर येतात ते हरवलेल्या छत्र्या घेऊन. त्यासाठी पगारी माणसं बसवणं परवडत नाही."

"तुम्ही काउंटरवर बसून बघितलंत?" मी विचारलं.

"आमच्याकडे डेटा आहे," तो हसून म्हणाला.

मी साहेबांना सांगितलं की मी आधी काउंटरवर बसणार आणि मग गुण देणार. त्यांनी खांदे उडवले. "बसा. पण अहवाल वेळेवर हवा."

काउंटरवर तेव्हा मुख्य बाई होती ती लाल रंगवलेल्या केसांची, उत्तरेकडच्या ठसक्यात बोलणारी. पूर्वी ती बस चालवायची. आवाज असा की बंद काचेतून पार रस्त्यापर्यंत जावा. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले तेव्हा तिनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"मापं घ्यायला आलीस होय?" ती म्हणाली. "आमच्या शवपेट्यांची?"

"बघायला आलेय."

"मग बघ. आणि बघता बघता चहा कर. किटली तिकडे आहे."

मी चहा केला. तिला माझा चहा फार उकळलेला वाटला, पण तिनं प्यायला.

छत्र्या खरंच आल्या. एक बाई रोज यायची, शेजारी तिचा कचऱ्याचा डबा पळवतो म्हणून. लाल केसांची तिचं सगळं ऐकून घ्यायची. जामिनावर सुटलेली माणसं सही करायला यायची, खाली मान घालून, कुणी ओळखीचं नाही ना हे बघत. पासपोर्ट हरवलेला एक चिनी विद्यार्थी रडकुंडीला आला होता. एक म्हातारे गृहस्थ बायकोच्या मृत्यूनंतर तिच्या गाडीची किल्ली घेऊन आले आणि ही किल्ली कुणाला द्यायची असं विचारू लागले. ते पोलिसांचं काम नव्हतं. पण त्यांना दुसरं कुठलं उघडं दार माहीत नव्हतं. लाल केसांचीनं फोन फिरवून त्यांचं काम केलं, आणि ते गेल्यावर किटली स्वतःच लावली.

मग एका सकाळी एक तरुण बाई प्रॅम घेऊन आत आली. ती काउंटरपाशी आलीच नाही. भिंतीवर माहितीपत्रकं लावलेली होती, तिथे उभी राहून सायकल चोरीला जाऊ नये म्हणून काय करावं हे वाचत राहिली. बाळ कुरकुरायला लागलं तेव्हा ती वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "उगी, उगी. झालं हं राजा."

माझ्या कानावर ते पडलं आणि मी उठलेच. परक्या मुलुखात, पोलीस स्टेशनच्या भिंतीपाशी, "उगी उगी"! काउंटरच्या बाजूचं दार उघडून मी बाहेर गेले आणि मायेनं म्हटलं, "अहो, तुम्ही मराठी? काही मदत हवीये का?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी आजवर मराठी ऐकून कुणाला एवढं घाबरलेलं पाहिलेलं नाही. तिनं माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं, मग माझ्या ओळखपत्राकडे.

"तुम्ही मंडळात असता ना?" ती म्हणाली. "गणपतीला पाहिलंय मी तुम्हाला."

"हो, येते कधीकधी. पण..."

"मी चुकून आले. सायकलचं विचारायला आले होते. प्लीज कुणाला सांगू नका मी इथे आले होते म्हणून."

आणि प्रॅम वळवून ती गेली. दाराच्या उंबऱ्यावर चाक अडकलं, तर तिनं इतक्या जोरानं ओढलं की बाळ दचकून रडायला लागलं. मी दारापर्यंत धावले, पण ती वळून न बघता चौकाकडे निघून गेली.

मी परत येऊन बसले. लाल केसांचीनं मला झापलं. "काय बोललीस तू तिला?"

"आमच्या भाषेत बोलले. तिला बरं वाटेल म्हणून."

"तिला बरं वाटेल म्हणून, की तुला?" ती म्हणाली. "ती इथे अशासाठी आली होती की इथे तिला कुणी ओळखत नाही."

मला राग आला. त्या क्षणी खरंच आला. आपल्या माणसाला आपल्या माणसाजवळ मन मोकळं करावंसं वाटतं, हे मी लहानपणापासून धरून चालले होते. पण राग ओसरल्यावर दिसलं ते वेगळंच होतं. तिच्या घरी काय चाललं असेल ते असो, ते जर बाहेर फुटलं तर पहिल्यांदा आमच्यातच फुटणार होतं. हळदीकुंकवात, व्हॉट्सअॅपवर, कुणाच्यातरी जेवणात. तिच्या दृष्टीनं मी पोलीस स्टेशनातली बाई नव्हतेच. मी तिच्या नवऱ्याच्या ओळखीच्या कुणाच्यातरी ओळखीची होते.

ती त्याच आठवड्यात परत आली. मी तिला काचेतून येताना पाहिलं आणि आतल्या खोलीत गेले. दार लोटून घेतलं आणि तिथेच उभी राहिले. बाहेर लाल केसांचीचा आवाज एवढा खाली उतरलेला मी कधी ऐकला नव्हता. शब्द कळत नव्हते, ऐकायचेही नव्हते. खूप वेळानं मदत डेस्कवरची बाई जिना उतरून आली, आणि प्रॅम आतल्या लिफ्टकडे गेल्याचा आवाज आला.

त्या तरुण बाईची ओळख पटेल असं काही मी इथे लिहिणार नाही. ती आणि बाळ सुरक्षित आहेत. मला नंतर कळलेली आणि इथे सांगण्यासारखी गोष्ट ही: तिचा फोन नवरा रोज तपासायचा. ऑनलाइन तक्रार ती कुठून करणार होती? तिला रस्त्यावरून ढकलून उघडता येईल असं दार लागत होतं, आणि दारामागे अनोळखी माणूस.

मी अहवाल लिहायला बसले. काउंटरला गुण, कम्युनिटी ऑफिसरना गुण, डेस्कला गुण. काउंटर काढला तर ती बाई आलीच नसती. डेस्क काढला तर जिना उतरून कुणी आलं नसतं. कम्युनिटी ऑफिसर काढले तर... त्यातल्याच एकानं तिला बागेत बाकावर बसलेली पाहून पोलीस स्टेशन कुठे आहे ते सांगितलं होतं. कितीही वेळा तराजू हातात घेतला तरी पारडी हलत नव्हती. म्हणजे कुणीच जड नाही असं नव्हे. तिन्ही एकाच दोरीला बांधलेली होती.

मग मी त्या रंगीत चौकोनांत ज्यांना चौकोनच नव्हता त्यांचा विचार सुरू केला. आमच्या स्टेशनला एक एचआर मॅनेजर, शेजारच्या शहरातल्या स्टेशनला दुसरी. दोघींचं काम एक बाई करू शकेल, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. मुख्यालयात 'परिवर्तन' या नावाचा आख्खा विभाग उभा राहिला होता, त्यात नवी भरती चालू होती. हाच सल्लागार तिथला. मी गुणांचा तक्ता रिकामा ठेवला आणि खाली लिहिलं की कपात करायचीच असेल तर ती अशा जागांपासून सुरू करावी ज्यांच्यापर्यंत रस्त्यावरचा माणूस कधी पोहोचत नाही, आणि त्यातली पहिली जागा माझी आहे.

साहेबांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे मी मागितलं नव्हतं."

"माहीत आहे."

"तुमचं नाव या रिव्ह्यूमध्ये नव्हतंच. तुम्ही सुरक्षित होता. हे तुम्ही स्वतःहून ओढवून घेताय."

"माणसांचा काही संबंध नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात साहेब. मग माझाही नको."

त्यांनी अहवालाची पानं मिटली. मग म्हणाले, "मी हे पुढे पाठवू शकत नाही. परिवर्तन विभागावर बोट ठेवणं माझ्या अधिकारात बसत नाही. काउंटर बंद करण्याचा प्रस्ताव जाईल. शहराच्या कौन्सिलरांसमोर सभा होईल, तिथे तुम्ही माझ्या शेजारी बसाल, आणि प्रश्नांची उत्तरं मी देईन."

घरी मी हे सांगितलं तेव्हा नवरा पोळी हातात धरूनच थांबला.

"तू स्वतःचीच जागा देऊन आलीस?"

"अहो, द्यायचीच होती कुणाची तरी."

"पण तुझीच का?"

"कारण तेवढी एकच जागा माझ्या मालकीची होती."

तो हसला नाही, रागावलाही नाही. त्याच्या हॉस्पिटलातही असले रिव्ह्यू येऊन गेले होते, आणि त्यानं दरवेळी मान खाली घालून काम केलं होतं. "मला नसतं जमलं," एवढंच म्हणाला आणि माझ्या ताटात भाजी वाढली.

मुलीला एडिनबराला फोन केला. ती तिथे एका फायनान्स कंपनीत आहे. इथेच जन्मली, मराठी बोलते ती माझ्यासाठी, आणि पुल्लिंग-स्त्रीलिंग-नपुंसकलिंगाशी तिचं लहानपणापासून वैर. "आई, तू रिअली स्वतःची जॉब दिला? दॅट्स मॅड," ती म्हणाली. मग जरा थांबून, "माझा ऑफिसमध्ये पण असंच झाला होता. अर्धा टीम गेला. सगळे गप्प बसला. मी पण गप्प बसला." मी तिचं व्याकरण दुरुस्त केलं नाही.

फोन ठेवल्यावर मला आई आठवली. सोलापूरला एका उन्हाळ्यात पोलीस लाईनीच्या नळांना पाणी येईना. अर्ज झाले, विनंत्या झाल्या. वडील आणि बाकीचे सगळे बंदोबस्तावर. पोलिसाला मोर्चा काढता येत नाही, घोषणा देता येत नाही. तेव्हा आई उठली. लाईनीतल्या बायका गोळा केल्या, डोक्यावर रिकाम्या घागरी घेतल्या आणि थेट एसपी साहेबांच्या बंगल्याच्या फाटकाशी जाऊन बसल्या. मी तिच्या पदराला धरून होते. पहाऱ्यावरचा शिपाई आमच्याच लाईनीतला. बिचारा हात जोडून म्हणाला, "वैनी, उठा, माझी नोकरी जाईल." आई म्हणाली, "भावजी, तुम्ही तुमची ड्युटी करा. आम्ही पोलीस नाही, पोलिसांच्या बायका आहोत. तुमची शिस्त आम्हाला लागू नाही."

पाणी आलं. आणि वडिलांची बदली मंगळवेढ्याला झाली. भांडीकुंडी पोत्यात भरताना शेजारणी हळहळत होत्या. आई म्हणाली, "नळाला पाणी आलं ना? मग बदलीचं काय एवढं."

ब्रिटनमध्येही पोलिसाला संप करता येत नाही. पण मी पोलीस नव्हते.

सभा कौन्सिलच्या जुन्या हॉलमध्ये झाली. निवडून आलेले कौन्सिलर लांब टेबलामागे, समोर आम्ही, मागे लोक. लोक येतील असं कुणाला वाटलं नव्हतं, पण खुर्च्या भरल्या. कचऱ्याच्या डब्याची तक्रार करणारी बाई पहिल्या रांगेत होती. लाल केसांची अगदी मागे उभी, हाताची घडी घालून. सल्लागारानं चौकोन दाखवले. साहेबांनी प्रस्ताव मांडला, आणि चांगला मांडला. शनिवारच्या अपुऱ्या कॉन्स्टेबलांचं सांगितलं. मागून कुणीतरी "मग दोन्ही द्या की!" असं ओरडलं. अध्यक्षांनी हातोडी आपटली.

मग एक वयस्क कौन्सिलर बाई, हातात काठी, पुढे झुकून म्हणाल्या, "कर्मचाऱ्यांचं काम बघणाऱ्या अधिकारी इथे बसल्या आहेत. या प्रस्तावाशी त्या सहमत आहेत का?"

साहेबांनी माईक जवळ ओढला. "आमची सगळी टीम सहमत आहे."

मी म्हणाले, "नाही."

माईक माझ्यापाशी नव्हता, तरी हॉलभर ऐकू गेलं. हवालदाराची मुलगी असल्याचा तेवढा फायदा. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग कमी आणि विनवणी जास्त होती. मी उभी राहिले.

"मी सहमत नाही," मी म्हटलं. "मी काउंटरवर बसून पाहिलंय. ज्यांनी हे चौकोन रंगवले ते बसलेले नाहीत. काही माणसं फोनवर बोलू शकत नाहीत, कारण फोन त्यांचा राहिलेला नसतो. काही माणसं आपल्या माणसांना सांगू शकत नाहीत, कारण आपल्याच माणसांची त्यांना भीती असते. त्यांना हे दार लागतं. शनिवारी कॉन्स्टेबल कमी पडतात हे साहेबांचं म्हणणं खरं आहे. पण ते कमी का पडतात हे त्यांना विचारू नका, मुख्यालयाला विचारा. आणि कुणाची तरी जागा कापायचीच असेल, तर आधी माझी कापा. मी तसं लिहून दिलेलं आहे. तो अहवाल तुमच्यापर्यंत आलेला नाही."

त्या तरुण बाईबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. माझ्याजवळचा सगळ्यांत भक्कम पुरावा तीच होती, आणि नेमका तोच मला वापरता येणार नव्हता. तेवढं एक गिळावं लागलं.

मग काठीवाल्या बाई म्हणाल्या, "तो अहवाल आम्हाला हवा." सल्लागार आपल्या लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागला.

निकाल लागायला बरेच आठवडे गेले, आणि लागला तो अर्धामुर्धा. काउंटर राहिला, पण फक्त सोमवार ते शुक्रवार. मदत डेस्क राहिला. कम्युनिटी ऑफिसरांच्या रिकाम्या जागा भरायच्या नाहीत असं ठरलं. परिवर्तन विभागाला कुणी हातही लावला नाही. माझी जागा मात्र शेजारच्या शहरातल्या जागेत विलीन झाली, आणि विलीन झालेल्या जागेवर मी नव्हते. बिस्किटांची बशी पुन्हा निघाली. या वेळी मी दोन खाल्ली.

साहेबांनी निरोपाला हात पुढे केला. "तुम्ही माझं काम फार अवघड केलंत."

"ते अवघडच होतं साहेब. तुम्ही सोपं करायला निघाला होतात."

त्यांनी हात मात्र सोडला नाही लगेच. "काउंटर राहिला याचं मला वाईट वाटत नाही," ते खालच्या आवाजात म्हणाले. हे त्यांनी सभेत म्हणायला हवं होतं. तसं मी त्यांना सांगितलं.

काही महिन्यांनी काउंटरवरची एक बाई मुलीकडे राहायला गेली आणि तिची अर्धवेळ जागा निघाली. मी अर्ज केला. मुलाखतीत मला विचारलं की इतक्या खालच्या पदावर तुम्हाला समाधान वाटेल का. मी म्हटलं, पद खालचं असेल, पण ते दाराला लागून आहे. मला घेतलं. स्टॅनमोरची एक मैत्रीण फोनवर म्हणाली, "अगं, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकच तर येतात गं दिवसभर, काय हवं ते म्हणतात." कुणी मराठी दिसलं की मी आता आधी इंग्रजीत बोलते, आणि समोरच्यानं मराठी काढली तरच मराठीत येते.

शनिवारचा काउंटर प्रत्यक्षात बंद झाला तो मी तिथे रुजू झाल्यावर, आणि त्या पहिल्याच शनिवारी मी आणि लाल केसांची स्टेशनबाहेर उभ्या राहिलो. सुट्टीचा दिवस आमचा, थर्मास आमचा, युनियननं छापून दिलेला फलक तिच्या हातात. दार ढकलून बघणारे लोक येत होते. आम्ही त्यांना भिंतीवरचा, थेट मुख्यालयाला लागणारा पिवळा फोन दाखवत होतो, आणि फोन लागला नाही तर का लागत नाही तेही सांगत होतो. एक जण हरवलेल्या कुत्र्याची साखळी घेऊन आला होता, एक मुलगी नुसतीच रडत होती. तिला आम्ही मध्ये घेऊन बाकावर बसवलं, चहा दिला, आणि पोलिसांची गाडी येईपर्यंत तिच्यासोबत थांबलो.

दुपारी साहेब गाडीतून उतरले. आम्हाला पाहून जागच्या जागी थांबले.

"तुम्हाला इथे उभं राहता येणार नाही," ते म्हणाले.

"पायऱ्या तुमच्या आहेत साहेब," मी म्हटलं. "फूटपाथ कौन्सिलचा आहे."

लाल केसांचीनं फलक आणखी वर उचलला. साहेब फलक वाचून आत गेले. आम्ही अजूनही दर शनिवारी उभ्या असतो. पाऊस असला की छत्री घेऊन.